नरसिंहराव आणि पंधरा टक्के

सुनंदा निपाणीची. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत तिच्या पीएचडीचं तिसरं वर्ष चालू होतं. ॲल्युमिनियमच्या भुकटीत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या मिसळून, तापवून, दाबून ती कांड्या बनवायची. साध्या ॲल्युमिनियमपेक्षा त्या मजबूत व्हाव्यात, यासाठी सगळी धडपड. नव्याण्णवच्या जानेवारीत यंत्रावर ओढून तोडलेल्या कांड्या पंधरा टक्के जास्त मजबूत निघाल्या. तिचे गाईड पद्मनाभ सर इतके खूश झाले, की त्यांनी लगेच परिषदेला निबंध पाठवला.

आठवड्यानं चाचणी विभागातले नरसिंहराव तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. चार पिढ्या बंगळुरात गेलेल्या मराठी घरातले. निवृत्तीला दोन महिने उरलेले.

“अक्का, स्वल्प बोलायचं होतं. ते जाडी मोजायचं मायक्रोमीटर माझ्या हातून पडलेलं. त्याचं शून्य सरकलंय, ते आज बघितलो मी. तुझ्या कांड्या त्यानंच मोजलो; साध्या ॲल्युमिनियमच्या ते पडायच्या आधी मोजलेलो.”

“म्हणजे?”

“आहे त्यापेक्षा बारीक लिहिलो. म्हणून ताकद जास्त दिसली.”

तिनं तुटलेले तुकडे दुसऱ्या मायक्रोमीटरनं मोजले, आकडेमोड पुन्हा केली. कांड्या साध्या ॲल्युमिनियमपेक्षा किंचित कमजोरच होत्या.

“आधी बघता येत नव्हतं?” ती ओरडली. मग तिच्या लक्षात आलं, की ते गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं.

निबंध मागे घेण्याचं पत्र तिनंच लिहिलं.

“माझं नाव घाल त्यात,” नरसिंहराव म्हणाले.

“मी तरी कुठे तपासलं होतं, अण्णा?” तिनं ‘मोजमापातली चूक’ एवढंच लिहिलं. पद्मनाभ सर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत; तिसऱ्या दिवशी त्यांनी सही केली.

सूक्ष्मदर्शकाखाली कारण दिसलं. नळ्या धातूत पसरल्याच नव्हत्या, त्यांच्या गुठळ्या झाल्या होत्या. तिनं त्या स्पिरिटमध्ये हलवून सुट्या करायला सुरुवात केली. नरसिंहराव प्रत्येक कांडी तीनदा मोजायचे आणि तिलाही मोजायला लावायचे.

मार्चअखेरीस, नरसिंहरावांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात, नव्या कांड्या साध्या ॲल्युमिनियमच्या सहा टक्के वर गेल्या.

“आता सरी? बरोबर ना?” तिनं त्यांच्याच कन्नडात विचारलं.

“अजून एक तोडू.”

तीही सहाच्याच आसपास तुटली. नरसिंहराव स्टुलावर बसले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. सुनंदानं त्यांच्यासाठी कॉफी मागवली.