खिडकीतली पंगत

पहिली चिमणी फळीवर येऊन बसली आणि गेणूनं ती हाकलली.

हाकलायचं त्याच्या मनात अजिबात नव्हतं. उलट त्याच चिमणीची वाट बघत तो सकाळपासून बाजेशेजारी उकिडवा बसून होता. पण पाखरू दाण्यावर उतरलेलं दिसलं की गेणूचे डोळे ती बातमी मनाला न कळवता परस्पर गळ्याला कळवत. "हुर्र्याऽऽ हाऽऽ!" असा आवाज निघाला तशी कोपऱ्यातली उतरंड थरथरली, शेजारच्या प्रयागबाईची शेळी दावं तोडायला निघाली, आणि चिमणी बहुधा मोरगावापर्यंत कुठं टेकली नसावी.

बाजेवर पडलेल्या त्याच्या बायकोनं, चंद्राबाईनं, मान तेवढी वळवली.

"घालवलीत?"

"आपसूक निघालं गं."

"माझ्यासाटी कंदी काय आपसूक निघालं न्हाय तुमच्या तोंडातनं," चंद्राबाई म्हणाली आणि पुन्हा खिडकीकडं बघू लागली.

गेणू राखणदार होता. लोणी भापकरात ज्वारी दाण्यात आली की त्याला बोलावणं यायचं. शेताच्या मध्यावर चार खांब रोवून वर बांधलेल्या माळ्यावर तो दिवस उगवायच्या आत चढायचा आणि पाखरं झोपायला गेली की उतरायचा. हातात गोफण असायची, पण ती कावळ्यांसाठी आणि राघूंसाठी. बाकीचं काम गळ्यावर चालायचं. नीरेचा कालवा झाला तेव्हा वडगाव निंबाळकरकडच्या लोकांनी ऊस लावला आणि ती माणसं पाहुण्यांशीसुद्धा गोड बोलू लागली. लोणीला पाणी आलं नाही. त्यामुळं इथं ज्वारी राहिली, ज्वारीमुळं पाखरं राहिली आणि पाखरांमुळं गेणू राहिला. पुढं इंदापूरच्या अंगाला साखर कारखाना निघाला आणि त्याचा मुलगा सोपान बायकोला घेऊन तिकडं कामाला गेला. उसाला पाखरं लागत नाहीत, एवढंच गेणूला त्या कारखान्याबद्दल कळलं होतं, आणि तेवढ्यावरूनच त्याला पोराची काळजी वाटायची.

दसऱ्याच्या सुमाराला चूल सारवता सारवता चंद्राबाईचं डावं अंग गेलं. बारामतीच्या डॉक्टरनं तिला बैलगाडीतच तपासलं आणि उजेड नि हवा भरपूर द्या म्हणून सांगितलं. दोन्ही वस्तू गावात मुबलक होत्या, फक्त घरात नव्हत्या. घराला एक दार आणि धूर जायला एक भोक. खिडकी हा प्रकार गावात चावडीला होता आणि ज्यांचं रान तो राखायचा त्या हिंदुरावांच्या माडीला होता. मालकाची बरोबरी करायचा विचार गेणूनं जन्मात केला नव्हता, पण डॉक्टरचा शब्द म्हणून त्यानं पहार घेतली आणि उगवतीच्या भिंतीला भगदाड पाडलं. भिंत पांढऱ्या मातीची, हातभर जाड. गाव बघायला आलं. चोराला सोय केली, असं एकजण म्हणाला. चोरानं आतून न्यायचं काय, यावर थोडी चर्चा झाली आणि ती लवकरच संपली.

खिडकीतून चंद्राबाईला एक कडुलिंबाचं झाड दिसू लागलं. झाडावर चिमण्या होत्या. दोन दिवस तिनं त्या लांबून बघितल्या आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, "त्यास्नी हितं बलवा की."

दारूबंदीवाल्याला भट्टी लावायला सांगावं तसं हे होतं. तरी गेणूनं मोडक्या पाटाची फळी खिडकीबाहेर बसवली. वरच्या चौकटीला गेल्या सालच्या शाळू ज्वारीच्या कणसांचा झुबका टांगला, फळीवर मूठभर दाणे पसरले, खापरात पाणी भरून ठेवलं. आणि मग पहिली चिमणी आली, तिचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवशी तो तोंडाला फडकं बांधून बसला. आवाज निघाला नाही, पण चिमण्याही आल्या नाहीत. लिंबावर बसून त्या ह्या घराकडं बघत आणि आपसात बोलत. दुपारी प्रयागबाई ताक घेऊन आली. तिनं दारातून हा देखावा बघितला.

"दाताला ठनका लागलाय का भावजी?"

गेणूनं फडक्याच्या आतून मान हलवली.

"पाखरांसाटी बसल्यात," चंद्राबाईनं सांगितलं.

"आन मंग यायची कशी? रानातल्या समद्या बुजगावन्यांच्या अंगात ह्यांचीच जुनी बंडी असती. चिमन्यांच्या आया पिलास्नी घरट्यातच दाखवत असत्याल, ह्यो बघ, ह्या मानसाच्या वाटंला जायाचं न्हाय."

गेणूनं बंडी काढली. मार्गशीर्षाच्या थंडीत उघडा बसला. संध्याकाळपर्यंत त्याला शिंका आल्या, पाखरू एकही आलं नाही. शेवटी कंटाळून तो ओढ्याला लाकडं आणायला गेला, आणि परत आला तर फळीवर टरफलं पडली होती.

"आली व्हती," चंद्राबाई म्हणाली. तिच्या तोंडाची एक बाजू हसत नसे; दुसरी तिच्या वाटणीचंही हसत होती.

"किती?"

"तुमी नसल्यावर जितकी येत्यात तितकी."

तेव्हापासून पद्धत ठरली. सकाळी बाजेवर उशाशी वाकळेची वळकटी लावून गेणू बायकोला खिडकीशी टेकवून बसवायचा. रात्री ओले झालेले दाणे काढून कोरडे पसरायचा, कारण ओल्याला बुरशी धरते. खापर राखेनं घासून पाणी बदलायचा. फळीवरची शीट खरवडायचा. मुंग्या चढू नयेत म्हणून फळीच्या बुडाला राख पसरायचा आणि प्रयागबाईच्या बोक्यासाठी खाली बाभळीची काटेरी शिरी लावायचा. उभ्या जन्मात घरात त्यानं एवढं काम केलं नव्हतं. चंद्राबाई ते बघायची आणि न बोलता दाद द्यायची. मग ती म्हणायची, "जावा आता." आणि गेणू आपल्याच घरातून उठून प्रयागबाईच्या ओट्यावर जाऊन बसायचा. तिथून खिडकी दिसायची नाही. भिंतीआडून चिवचिवाट ऐकू यायचा. तो किती मोठा आहे त्यावरून आत बायको किती खुशीत आहे याचा तो अंदाज बांधायचा.

तिथंच एक दिवस हिंदुराव त्याला गाठायला आले.

"गेणबा, दानं चिकात आल्यात. माळा बांदून ठिवलाय. कवा चढतूस?"

"औंदा न्हाय जमायचं, मालक. घरात अडचन हाय."

"अडचन बघितली मी येताना." हिंदुरावांनी भिंतीकडं काठी केली. "माझ्या रानातनं हाकलायची ती पाखरं तू घरी बलवून जेवू घालतुयास. अरं, त्यास्नी वाटंल गेणूची परवानगीच झाली."

"तसं न्हाय, मालक."

"मंग कसं?"

गेणूनं बराच विचार केला. "तिला बघाया काय तरी हलतं पायजे," तो म्हणाला.

हिंदुरावांनी काठी खाली घेतली. बोलण्यासारखं बरंच घेऊन ते आले होते. "रामहरीला चढवतू औंदा," एवढं म्हणून ते निघाले आणि जाता जाता खिडकीच्या बाजूनं न जाता वळसा घालून गेले.

चिमण्या धीट होऊ लागल्या. फळीवरून त्या खिडकीच्या कठड्यावर आल्या. भिंत हातभर जाड असल्यानं कठडा ऐसपैस होता. चंद्राबाईचा लुळा डावा हात त्यावर ठेवलेला असायचा. एक दिवस तिनं उजव्या हातानं त्या डाव्या तळहातावर दाणे ठेवले. दुपारी गेणू घरात आला तर ती त्या हाताकडं बघत होती.

"आली न्हाईत व्हय?"

"आली. हातावर बसून खाल्लं."

"मंग?"

"त्यो हात मेल्याला हाय. त्यावर बसली काय आन धोंड्यावर बसली काय. मला काय कळतंय?" तिनं त्या हातावरचं टरफल झटकलं. "किती जड असती वं चिमनी?"

गेणूनं आपल्या तळहाताकडं बघितलं. गोफणीचा खडा लागून पडलेली पाखरं त्यानं बांधावरून पुष्कळ उचलली होती. "काय न्हाय गं. वजनच न्हाय."

"ती मेल्याली. जित्ती किती असती?"

ते गेणूला माहीत नव्हतं. आयुष्यभर पाखरांच्याच धंद्यात असून जिवंत पाखरू त्याच्या हातावर कधी बसलं नव्हतं. त्यानं खापर उचललं आणि पाणी बदलायला गेला. पाणी सकाळीच बदललेलं होतं.

दुसऱ्या दिवशी चंद्राबाईनं उजवा हात कठड्यावर ठेवला आणि गेणूला त्यावर दाणे घालायला सांगितलं. चिमणी आता उजव्या हातावर बसायला हवी होती, चंद्राबाईला दुसरं काही नको होतं. सोपान येईल का, हे विचारणंही तिनं सोडून दिलं. पण आजारात त्या हाताला कापरं भरलं होतं. चिमण्या जवळ यायच्या, माना वाकड्या करून दाण्यांकडं बघायच्या, हात थरथरायचा आणि त्या उडायच्या. मग शेजारच्या डाव्या हातावर जाऊन त्या शांतपणे बसायच्या.

"मी मनाला सांगती, हालायचं न्हाय," ती म्हणायची. "जरा येळ ऐकतंय. ती जवळ आली की मलाच दम निघत न्हाय."

"हात बांदू का फळीला? हलक्या हातानं बांदतो."

"बांदल्याला आन मेल्याला, फरक काय ऱ्हायला मंग?"

त्या रात्रीपासून तिला ताप भरू लागला. खोकला आला, आणि कण्यांचे दोन घास झाले की ती मान फिरवायची. प्रयागबाईनं काढा करून दिला, अंगारा लावला, आणि बाहेर येऊन गेणूला म्हणाली, "भावजी, सोपानला सांगावा धाडा." गेणूनं इंदापूरकडं निघालेल्या एका गाडीवानाबरोबर सांगावा धाडला. गाडीवान माळेगावात जावयाकडं मुक्काम करणार होता. सांगावाही त्याच्याबरोबर मुक्काम करणार, हे गेणूला ठाऊक होतं, पण दुसरा माणूस नव्हता.

त्यानंतर एका रात्री ताप उतरला. सकाळी चंद्राबाईचा आवाज बारीक झाला होता, पण स्वच्छ होता.

"टेकवून बसवा मला."

गेणूनं तिला उचललं. हल्ली तिला उचलायला त्याला जोर लावावा लागत नसे. त्यानं वळकटी लावली, केस मागं सारले, कपाळावर कुंकू नीट केलं. तिनं उजवा हात पुढं केला.

"घाला. चांगलं हात भरून घाला."

त्यानं कणीस चोळून दाणे घातले. हात थरथरत होता, चार दाणे सांडले. त्यानं ते उचलून पुन्हा तळहातावर ठेवले आणि खाली बसला.

"जावा आता."

"आज बसतो की तुझ्यापाशी."

"तुमी बसलात की ती येत न्हाईत."

"न येऊंदेत. एक दिस न्हाय आली तर काय व्हतंय?"

चंद्राबाईनं त्याच्याकडं बघितलं. लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात हा माणूस माळ्यावर असायचा आणि ती भाकरी घेऊन जायची. तिथून तो खाली बघायचा तोसुद्धा पाखरं उडाली का ते बघायला.

"आता बसाया आलात व्हय," ती हळूच म्हणाली. "जावा. लांब नगा जाऊ. वट्यावर बसा."

तो उठला. दारात एकदा थांबला आणि ओट्यावर जाऊन बसला.

ऊन चढलं. चिवचिवाट सुरू झाला, मग वाढला. इतका मोठा त्यानं या खिडकीत कधी ऐकला नव्हता. प्रयागबाई दाणे पाखडत होती, तिनं सूप थांबवलं.

"आज लई गलका हाय."

"पंगत बसली वाटतं," गेणू म्हणाला. तो खुशीत होता. थोड्या वेळानं त्याला राहवेना. तो उठला, पायतण काढलं, आणि भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत कोपऱ्यापर्यंत गेला. तिथून त्यानं हळूच डोकावलं.

कठड्यावर चंद्राबाईचा उजवा हात होता आणि त्या हातावर चिमणी बसली होती.

गळ्यातनं हाक निघायच्या आत गेणूनं तोंडावर तळहात दाबला. चिमणी अंगठ्याच्या बुडाशी पाय रोवून खात होती. दुसरी आली, मनगटावर बसली. पहिलीनं तिला टोचून जागा करून घेतली. हात हलला नाही. गेणूला हसू आलं. जमलं की हिला, असं त्याला वाटलं, आणि प्रयागबाईला दाखवायला त्यानं मागं हात हलवला. तिसरी चिमणी दंडावरून चालत आली आणि पदराचा दोरा ओढू लागली. हात हलला नाही. गेणू हसायचा थांबला. तो त्या हाताकडं बघत राहिला, मग हातावरून वर, वळकटीवर कललेल्या मानेकडं.

प्रयागबाई पदराला हात पुसत मागं येऊन उभी राहिली आणि त्याच्या खांद्यावरून तिनं बघितलं. तिला लगेच कळलं. हंबरडा फोडायला तिनं तोंड उघडलं, तेव्हा गेणूनं तिचं मनगट धरलं.

"वाईस थांबा, वैनी," तो कुजबुजला. "वरडू नगासा. खाऊन होऊंदे त्यांचं."

प्रयागबाईनं पदराचा बोळा तोंडात घातला. दोघं भिंतीला टेकून उभी राहिली. सकाळी गेणूनं हात भरून दाणे घातले होते, संपायला वेळ होता.