शेळीच्या पोटातले दाणे

चंद्रभागाबाईंच्या माहेरी गोधडी कधी उपाशी ठेवत नसत. चारी बाजूंनी टाके घालत आणलेली गोधडी शेवटी वीतभर उघडी राहिली, की त्यांची आई सुई तशीच पदराला टोचून उठायची, कणगीतून चिमूटभर ज्वारी आणायची आणि त्या फटीतून आत सोडायची. मग तोंड शिवायचं. 'उपाशी गोधडी अंगाची ऊब खाते,' एवढंच ती म्हणायची. चंद्रभागाबाई हे परकर नेसायच्या वयात शिकल्या आणि नंतर साऱ्या जन्मात त्यांनी शिवलेली एकही गोधडी, एकही उशी दाण्यांवाचून मिटली नाही. का, असं त्यांनी कधी विचारलं नाही. भाकरी थापण्याआधी हात का धुवायचा, असं कुणी विचारतं का?

पाटोद्याच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला त्यांची वाडी. नवरा हरिबा शेरडं राखायचा. एकुलता मुलगा हनुमान आणि सून शिवकन्या दर दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको नसली, तर मुकादमाच्या लेखी नवरा अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कुणी धड विचारत नाही. लग्न होऊन आली त्या सालापासून शिवकन्येनं एक हंगाम चुकवला नव्हता. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा उसाच्या फडातच पोट रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मोळ्या उचलायला उभी होती.

यंदा चैतात परत आली ती पांढरीफटक होऊन. अंगावरून जायचं थांबत नव्हतं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "वजन उचलायचं बंद कर. वर्षभर आराम मिळाला तर पुढं मूलबाळही होईल. नाहीतर गर्भपिशवी काढावी लागेल."

घरी येऊन शिवकन्येनं सासूला हे जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाली, "आत्या, मोळी उचलायची न्हाई म्हनत्यात. मोळी न उचलता ऊस कसा तोडायचा, ते न्हाई सांगितलं."

शेजारची वनमाला तिथंच बसली होती. तिची पिशवी तीन हंगामांमागं काढलेली. तिशीसुद्धा गाठली नव्हती, आणि उठताना गुडघ्यावर हात रोवून म्हातारीसारखी उठायची. ती म्हणाली, "काढून टाक म्हनतील समदे. सुटका हुईल म्हनतील. ऐकू नको. आत लई रितं वाटतं, बाई. घर इकल्यासारखं."

शिवकन्येनं नवऱ्याला सांगितलं, यंदा मी येणार नाही. हनुमान वाईट नव्हता. खाली मान घालून तो म्हणाला, "दुसरं काय तरी उभं ऱ्हायलं तर नको येऊ. दसऱ्यापातूर बघू."

ते दुसरं काहीतरी बीडहून आलं. तिथल्या एका संस्थेतल्या विजयमालाताई गावोगाव बायांना जुन्या सुती लुगड्यांची मऊ खेळणी शिवायला शिकवत हिंडत होत्या. पुण्याचं एक दुकान ती विकायला घेणार होतं. शिवकन्या बारावी शिकलेली. तिनं पुढाकार घेतला, वाडीतल्या सात-आठ बाया गोळा केल्या आणि घरापुढच्या कडुलिंबाखाली धंदा सुरू झाला.

पहिल्या दिवशी विजयमालाताईंनी समजावून सांगितलं, "आपली खेळणी नैतिक आहेत. दुकान त्यासाठीच घेतंय."

वनमाला म्हणाली, "म्हंजी ती खोटं बोलत न्हाईत का, ताई?"

बाया हसल्या. ताईही हसल्या. "म्हणजे ती बनवताना कुणाचं वाईट केलेलं नाही. लहान मुलांना राबवलं नाही, बाईची मजुरी बुडवली नाही, प्लॅस्टिक भरलं नाही."

"म्हंजी कुनाचं पोट मारून केलेली न्हाईत," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"अगदी तसंच, आजी. याहून चांगलं मलाही सांगता येणार नाही."

ही गोष्ट चंद्रभागाबाईंच्या मनात बसली.

दुकानानं अस्वलाचं चित्र पाठवलं होतं. बायांनी ते बघून शिवलं. हरिबानं ते उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "हे मेंढरू हाय का डुक्कर?"

"अस्वल हाय, मामा," शिवकन्या म्हणाली.

"अस्वल बघितलंय का कुनी तुमच्यात? मग कशाला त्याच्या वाटंला जाता. माझी शेळी बघा, ही दारात हुबी हाय. लांब कान, वाकडं शेपूट. कापड आनून मापं घ्या हिची."

थट्टेत बोललेलं खरं झालं. लांब कानांची, वाकड्या शेपटीची लुगड्याची शेळी दुकानाला इतकी आवडली, की अस्वल बाजूलाच पडलं. उन्हाळ्यात पाठवलेल्या थोड्याशा शेळ्या हातोहात खपल्या. पहिली शेळी, चंद्रभागाबाईंच्या जुन्या हिरव्या लुगड्याची, शिवकन्येनं पाठवलीच नाही. ती तिनं आपल्या पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीखाली ठेवली. कुणासाठी, ते बोलली नाही. चंद्रभागाबाईंनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

मग दिवाळीसाठी मोठी मागणी आली. सारा पावसाळा लिंबाखाली आणि पाऊस आला की ओसरीत सुया चालल्या. कुणी कान शिवी, कुणी पाय. वनमाला डोळ्यांच्या जागी काळ्या दोऱ्याची फुली घाली. पोटात कापूस भरून शेळी शेवटी चंद्रभागाबाईंच्या मांडीवर येई, कारण पोट मिटायचा टाका त्यांच्याइतका बारीक कुणाचाच नव्हता. शिवकन्या रोज सकाळी ज्वारीचा छोटा डबा आणून त्यांच्या मांडीशी ठेवी. त्या चार दाणे उचलत, कापसात बोटानं खोल दडपत आणि तोंड शिवत. कुणी लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यात काय होतं? शेळी लेकराच्या घरी चालली होती. लेकराच्या घरी उपाशी कोण जातं?

टाके घालता घालता त्या जुन्या गोष्टी सांगत. पिंजारी यायचा तेव्हाच्या. त्याच्या धनुकलीच्या तातीचा सूर सकाळपासून गल्लीत घुमायचा आणि कापसाचं तूस उडून पोरांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. आईनं त्यांना एक बाहुली करून दिली होती, तिच्याही पोटात दाणे होते. "एकदा म्या ती आंगनात इसरले. रातभर झड लागली, मग दोन-चार दिस उघाड न्हाई. बघते तर काय, बाहुलीच्या बेंबीतून हिरवा कोंब! आई हसून हसून खाली बसली. म्हनली, चंद्रे, तू आजी झाली."

सगळ्या हसल्या. शिवकन्याही हसली. तिच्या गालावर थोडा रंग आला होता. पोळ्यापासून तिचं अंगावरून जाणंही कमी झालं होतं. चंद्रभागाबाईंनी कुणाला न सांगता खंडोबाला कबूल केलं, की हिची कूस उजवली तर वर डोंगरावर येऊन देवाच्या साखळीचा लंगर तोडीन.

गणपती बसले तसा माल पुण्याला गेला. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दारात टेम्पो थांबला. विजयमालाताई खाली उतरल्या आणि त्यांच्यामागून गोण्या. गोण्यांतून लांब कान बाहेर आले होते.

ताई पाणीसुद्धा न पिता ओसरीवर बसल्या. त्यांनी फोन उघडून शिवकन्येपुढं धरला. पांढरी चादर, तिच्यावर आडवी पडलेली निळी शेळी आणि चादरीवरून चालत निघालेले काळपट, बारीक सोंडकिडे.

"हा एका बाळाचा पाळणा आहे," ताई म्हणाल्या. "त्या बाईंनी शिवण उसवली, तर आत ज्वारी. दुकानानं बाकीच्या शेळ्या बघितल्या, तर सगळ्यांत तेच. कापसात कुठून आली ज्वारी? कापूस ठेवता तिथं उंदीर आहेत का?"

बायांना आधी प्रश्नच कळला नाही. त्या एकमेकींकडं बघू लागल्या. शेवटी वनमाला म्हणाली, "उंदीर कशाला, ताई. आजीनं घातली. घालत्यातच की."

ताई चंद्रभागाबाईंकडं वळल्या. "का, आजी?"

"उपाशी कसं धाडायचं?" चंद्रभागाबाई म्हणाल्या.

ताईंनी फोन बंद करून मांडीवर पालथा ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "हे मला आधी कळलं असतं, तर दाणे बाहेर ठेवून ही गोष्ट आपण चिठ्ठीवर छापली असती, आणि लोकांनी कौतुकानं वाचली असती. आता किडे निघाल्यावर सांगायला गेलं, की सबब वाटते. त्यात बाळानं दाणा गिळला असता तर? दुकानाचंही खोटं नाही. त्यांनी आता हा माल बंद केलाय. आणि त्या बाईंनी फोटो सगळीकडं टाकलेत, म्हणून दुसरं दुकानही दारात उभं करत नाही."

"लिंबाचा पाला घालायचा व्हता दान्यासंगं," कोपऱ्यातून हरिबा म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. कणगीत सारं जग पाला घालतं. दारातच एवढा मोठा लिंब, त्याच्याच सावलीत साऱ्या शेळ्या शिवल्या, आणि पाला कुणालाच आठवला नव्हता.

ताई गेल्यावर चंद्रभागाबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या. शिवकन्या त्यांच्याजवळ आली. "आत्या, तुमी कशाला रडताय? डबा म्याच आनून ठेवत व्हते. बारावी शिकले, मला न्हाई सुचलं."

तिनं बोल लावला असता, तर त्या दोन शब्द उलट बोलल्या असत्या आणि मन मोकळं झालं असतं. तिनं तेवढंही ठेवलं नाही.

साऱ्या नवरात्रात बायांनी शेळ्यांची पोटं उसवली. कापूस उन्हात टाकला, दाणे काढले, पुन्हा शिवलं. चांगल्या निघालेल्या शेळ्या घेऊन शिवकन्या बीडला गेली आणि स्टँडच्या बाहेर फडकं पसरून बसली. समोरच्या गाड्यावर चकचकीत केसाळ अस्वलं टांगलेली होती, दाबली की गाणं म्हणणारी. क्लासला चाललेल्या पोरी थांबल्या, एकीनं शेळी दाबून बघितली, ती काही बोलली नाही म्हणून खाली ठेवली. एका बाईनं विचारलं, गोधडीच्या चिंध्यांची का? एका रिक्षावाल्यानं मात्र एक मागितली, रिक्षाला टांगायला, नजर लागू नये म्हणून. बाकीच्या तिनं परत आणल्या. आली तेव्हा पोटाशी हात धरून पायरीवर बसली, आणि चंद्रभागाबाईंनी गाठोडं उचलून आत नेलं.

दसऱ्याचं सोनं लुटून झालं आणि मुकादम लखन दारात आला. "अर्धा कोयता घिऊन काय करू बे, हनुमान? टोळी भरत आली. काय ते आज सांग."

हनुमाननं घराकडं बघितलं नाही. जमिनीकडं बघत उभा राहिला. आतून शिवकन्येचा आवाज आला, "पुरा कोयता धरा. म्या येते."

चंद्रभागाबाई उंबऱ्याशी आल्या. "शिवकन्ये, डाक्टरीनबाई काय म्हनल्यात?"

"म्हनू द्या, आत्या. त्यांनी वर्स मागितलं व्हतं. तेवढं न्हाई मिळालं."

वनमालाही निघाली. निघायच्या दिवशी उजाडता ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत भांडी, सरपण, कोंबड्यांची खुराडी आणि माणसं. चंद्रभागाबाईंनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधली होती. शिवकन्येनं गाठोडं घेतलं, सासूच्या पाया पडली आणि वर चढली.

"दोन घास खाऊन जा की."

"भूक न्हाई, आत्या. वाटंत खाईन."

ट्रॅक्टर वळणाआड गेला. चंद्रभागाबाईंनी शेळ्यांतून काढलेल्या दाण्यांचं गाडगं उतरवलं. बरेचसे दाणे पोखरून पोकळ झालेले, नुसत्या टरफलासारखे. त्यांतले बरे दिसणारे निवडून त्यांनी ओल्या फडक्यात बांधले आणि रांजणाखाली ठेवले. दिवसाआड फडकं सोडून बघायच्या. कोंब आला नाही. मग फडक्याला आंबूस वास यायला लागला, तसे त्यांनी ते उकिरड्यावर झटकले. कोंबड्या धावत आल्या, दोन चोची मारल्या आणि निघून गेल्या.

पेटीतली हिरवी शेळी तेवढी उसवायची राहिली होती. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली शिवकन्येच्या गळ्यात.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी हरिबाच्या फोनवर शिवकन्या बोलली. आवाज लांबून, पातळ आला.

"आत्या, दवाखान्यात हाय. फडात चक्कर आली व्हती. उद्या सकाळी पिशवी काढनार हायती."

चंद्रभागाबाईंना इतकं सांगायचं होतं, आणि जिभेवर रोजचंच आलं. "जेवलीस का?"



"न्हाई, आत्या. काय खायचं न्हाई म्हनल्यात. हे उपाशीपोटीच करत्यात."

फोन बंद झाला. अंगणातून हरिबानं विचारलं, "काय म्हनती पोरगी?"

चंद्रभागाबाईंनी पदराला टोचलेली सुई काढली, तिच्यात दोरा नव्हता, पुन्हा टोचून ठेवली.

"जेवायची हाय आजून," त्या म्हणाल्या.