विश्वासरावांच्या मागच्या कुंपणाची कैफियत

मित्रांनो, मी बडोद्यातले एक जुने, गंजलेले तारेचे कुंपण आहे, आणि माणसांविषयी माझे मत फारसे चांगले नाही.

माझी जाळी गोरव्याच्या एका कारखान्यात विणली गेली. मला विश्वासरावांच्या घरामागे, उत्तरेच्या बाजूला उभे केले. पलीकडे निरुपमाबेन एकट्याच राहत. विश्वासरावांच्या पत्नी पद्माबाई माझ्यावर कपडे वाळत घालीत आणि निरुपमाबेनशी गप्पा मारीत. गप्पा मारायला त्यांना दुसरे कोणीच नव्हते. विश्वासराव घरी बोलत, पण ते फक्त स्वतःविषयी.

मकरपुऱ्याच्या कारखान्यात साहेब झाल्यावर त्यांनी घरावर मजला चढवला. त्या मजल्याने माझे ऊन गिळले. वरची टाकी रोज भरून वाहू लागली आणि माझ्या पायाशी बारमाही चिखल झाला. आता साहेबांना माझा गंज दिसू लागला. पाहुण्यांसाठी त्यावर फुले हवीत!

त्यांनी बोगनवेल आणली. "ऊन किती येतं तिथं?" रोपवाटिकेतल्या माळ्याने विचारले. "बडोद्यात उन्हाला काय तोटा?" साहेब हसले. बोगनवेलीची मुळे चिखलात कुजली. मग वेली गुलाब आला. त्याच्या पानांवर भुरीची पांढरी बुरशी चढली आणि तोही गेला. शेवटी मधुमालती. ती बिचारी उजेड शोधत माझ्या डोक्यावरून पलीकडे गेली आणि तिकडच्या कडुनिंबावर लालगुलाबी फुलली. इकडे नुसत्या काड्या.

झाले! ज्या डोक्यात जागा पाहण्याचा विचार कधी शिरला नाही, त्यात संशय मात्र लगेच शिरला.

"निरुपमाबेन, तुम्ही माझ्या वेलींच्या मुळांत मीठ टाकता!" सगळ्या गल्लीदेखत ते ओरडले. निरुपमाबेनच्या हातात पाण्याची झारी होती. त्यांनी ती खाली ठेवली. "सारुं," बरं, एवढेच म्हणाल्या आणि आत गेल्या. साहेबांनी कोयत्याने मधुमालती तोडली. त्या दिवसापासून पलीकडची खिडकी बंद झाली. पद्माबाई कपडे वाळत घालताना तिकडे पाहत राहत. हाक मारायचे त्यांना धाडस होत नसे.

एका रविवारी सकाळी पद्माबाईंनी माझ्याजवळ खुर्ची आणून ठेवली.

"अहो, इथं बसा. अंगावर ऊन आलं की मला हाक मारा."

"हा काय चावटपणा?"

"बसा म्हणते ना."

त्यांचा असा आवाज साहेबांनी कधी ऐकला नव्हता. ते वर्तमानपत्र घेऊन बसले. दुपारी टाकी वाहिली आणि वर्तमानपत्र भिजले. खुर्चीचे पाय चिखलात रुतले.

"चहा देतेस का?"

"ऊन आलं का?"

"नाही."

"मग बसा."

संध्याकाळी साहेबांनी मान वर करून आपल्याच मजल्याकडे पाहिले.

"मीठ कुणी टाकलं?" पद्माबाईंनी विचारले. साहेबांनी भिजलेल्या वर्तमानपत्राची घडी घातली. इतकी गोड शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते निरुपमाबेनच्या दाराशी गेले. मोठे भाषण तयार होते. निरुपमाबेनने अर्धे ऐकून हात वर केला. मोरीजवळच्या सावलीतल्या नागवेलीचे चार तुकडे तोडून त्यांनी साहेबांच्या हातात दिले.

"वेलो लई जाओ. वात पछी." वेल घेऊन जा, बोलणे नंतर. आणि दार बंद.

पद्माबाईंनी आधी टाकी दुरुस्त करून घेतली, मग ओलसर सावलीत नागवेल लावली. ती पेरापेराला मुळे फोडत मला बिलगली. फुले नाहीत, पण पाने अशी दाट, तुकतुकीत की माझा गंज पार झाकला गेला. साहेब पाहुण्यांना सांगतात, "फार विचार करून निवडली मी!" सांगोत. त्यांच्याकडून मी याहून जास्त अपेक्षा केलीच नव्हती.

एके दिवशी पानांतून पलीकडचा एक हात आत आला.

"पद्माबेन, आ पान तीखुं छे के?" हे पान तिखट आहे का?

पद्माबाईंनी ओली चादर तशीच मातीत टाकली आणि धावत आल्या. दोघी बोलत राहिल्या, रडल्या, पुन्हा बोलत राहिल्या.

मित्रांनो, फुलांना भुलून वेल आणू नका. आधी त्या जागी स्वतः बसून पाहा. तेवढेही जमत नसेल, तर निदान वेल मेली म्हणून शेजाऱ्यावर आळ घेऊ नका. वेल दुसरी लावता येते.