आवतनाबिगर आलेल्या ओव्या

माकणी गावात हळद कुणाच्याही घरची असो, जातं फिरायचं ते कस्तुराबाईच्या ओवीवर. पण त्यासाठी आदल्या दिवशी कुंकू घेऊन तिच्या दारी यावं लागे. आवतनाबिगर ती हलायची नाही.

गेल्या साली एका मोबाईल कंपनीचा माणूस येऊन तिच्या ओव्या रेकॉर्ड करून घेऊन गेला. "मावशी, तुमचा आवाज घराघरात पोचवतो," म्हणाला. मेल्यानं पोचवला तो असा, की एका सकाळी कुणी न मागता झाडून सगळ्यांच्या मोबाईलात तिच्या ओव्या येऊन बसल्या.

आज शेजारच्या राजेश्वरीच्या लेकीची हळद होती. कुंकू आलं नाही, जात्याची घरघर तेवढी कानावर आली. कस्तुराबाई तणतणत गेली आणि अंगणातच उभी राहिली.

"माझं काय चुकलं, राजे?"

"चुकलं न्हाय, मावशी. तुमची गानी मोबाईलात आलीच हायती, मग तुमाला कशाला तरास द्यायचा?"

"मग लाव की."

राजेश्वरीनं उगीच पदर सारखा केला. "काढून टाकली. समद्यांनीच काढली. फुकट आलेली, लई जागा खात हुती."

"माझा आवाज हाय, हे कळलं न्हवतं?"

"कळलं हुतं की."

आतलं जातं थांबलं होतं.

"बोलावल्याबिगर म्या जल्मात कुणाचा उंबरा वलांडला न्हाय," कस्तुराबाई म्हणाली. "त्या कंपनीवाल्यानं मला चोरावानी तुमच्या घरात घुसवलं. पर वळखून भाईर काढलं ते तुमी."