कानबाईच्या कपाळावर जमादाराची चांदणी

मी एक पितळी चांदणी. आवाज कापला तर सांभाळून घ्या. साच्याच्या दणक्यासरशी जन्मले, तेव्हापासून दचकतेच आहे.

युद्धाच्या काळात मी आणि माझी जुळी बहीण रनाळ्याच्या हिंमतरावांच्या दोन खांद्यांवर बसलो. ते हवालदाराचे जमादार झाले होते. रजेवर आल्यावर त्यांनी आईला, नर्मदाबाईंना, समजावलं की जमात म्हणजे माणसांचा जथा आणि तो धरून ठेवणारा तो जमादार; देशी अधिकाऱ्याची ही पहिली पायरी. पुढची पायरी सुभेदार. पूर्वी तो अख्खा सुभा सांभाळायचा, आता पलटणीतली माणसं सांभाळतो. नर्मदाबाई मान डोलवत होत्या, नजर मात्र आमच्यावर.

श्रावणातल्या एका रविवारी खानदेशाची देवी कानबाई घरोघर बसली. बायका आपले दागिने देवीला घालतात. नर्मदाबाईंनी लेकाचे दागिने घातले! मी कपाळावर, बहीण गळ्यात.

सोमवारी हिंमतरावांनी कोट चढवला, तर खांदे बोडके. नंदुरबारहून दुपारची गाडी धरायची होती. चांदण्यांशिवाय पलटणीत उभं कसं राहायचं? त्यांनी देवीकडे हात पुढे केला.

"आते ती कानबाईनी शे, भाऊ. तिनी आंघोय व्हवापर्यंत काढता येवाव नही." नर्मदाबाईंनी अडवलं. देवीची आंघोळ त्याच दिवशी नदीवर असते.

तर आम्ही वाजतगाजत नदीवर. तिथे आधी कोणाची कानबाई पाण्यात उतरणार, यावरून गल्ल्या हमरीतुमरीवर आलेल्या. मी कुंकवाआड दडून बसले. हिंमतराव मध्ये पडले, तेव्हा शेजारचा चुडामण हसत म्हणाला, "तुन्हा खांदा तं रिकामा शे, भो. तुन्हं कोन आयकी?"

हिंमतरावांनी सूर्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "पहिली चुडामणनी कानबाई. मन्ही सगयास्ना मांगे."

चुडामण आपली देवी घेऊन पाण्यात उतरला. भराभर रांग लागली. एकेक देवी न्हाऊन वर आली, आमची शेवटी. नर्मदाबाईंनी ओल्या हातांनी आम्हाला लेकाच्या खांद्यांवर बसवलं, कुंकवासकट.

चुडामणनेच छकडा जुंपला आणि बैल असे पिटाळले, की मी वाटभर डोळे मिटून होते. गाडी मिळाली!

पुढे हिंमतराव सुभेदार झाले, नव्या चांदण्या आल्या, आणि आम्ही दोघी नर्मदाबाईंच्या देव्हाऱ्यात. त्यांच्या घरची कानबाई अजून आपणहून शेवटी पाण्यात उतरते. गाव त्याला 'जमादाराचा मान' म्हणतं.

तुम्ही कधी आलात, तर पुढे घुसू नका हं. मला अजून भीती वाटते. आमच्या मागे या, तिथे ऐसपैस जागा असते.