मूर्तीचा डावा हात

माझा नवरा लाकडाच्या मूर्ती घडवतो आणि मी त्याच्या चुका काढते. आमचं घर असंच चालतं.

या खेपेला चूक फादरनीच काढली. चर्चसाठी दुःखी मातेची मूर्ती हवी होती, क्रुसावरून उतरवलेला लेक मांडीवर घेऊन बसलेली. नवरा चार महिने खपला. नाक सरळ, गालावर दोन अश्रू, डावा हात आभाळाकडे. फादर मूर्तीभोवती दोनदा फिरले आणि हळूच म्हणाले, बाई सुंदर आहे, पण आई वाटत नाही. रविवारपर्यंत जमलं तर बघा, नाहीतर दुसऱ्या कोणाला सांगतो.

तेव्हापासून नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. पटाशी हातात धरेना. माझ्या हातातच काही राहिलं नाही, एवढंच म्हणे. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर काळजीही वाटली. या माणसाला लाकडाशिवाय दुसरं काही येत नाही. चहा टाकला तर तोही उतू घालवतो.

मी म्हटलं, आई कशी बसते ते आईलाच विचारू. सासूबाईंना कामाच्या खोलीत नेऊन बसवलं आणि नवऱ्याला म्हटलं, हं, झोप मांडीवर. पंचेचाळीस वर्षांचा ऐंशी किलोचा घोडा तो. सासूबाई म्हणाल्या, अगं, मला मारतेस का! मग त्याच्या कमरेखाली खोकं सरकवलं, तेव्हा कुठे जमलं. एरवी आमचं दोघींचं भाजीतल्या मिठावरूनही वाजतं, पण त्या दिवशी दोघी पोट धरून हसलो.

मी सांगितलं, आई, डावा हात वर करा. केला. पण नवऱ्याचा शर्ट सरकून ढेरी उघडी पडली होती. सासूबाईंचा हात आपोआप खाली आला आणि शर्ट ओढून त्यांनी पोट झाकलं. मी पुन्हा हात वर करायला लावला, तो पुन्हा खाली. तिसऱ्यांदा वैतागून मी त्यांचं मनगटच धरलं.

त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं.

"तेव्हाही असाच धरला होता," म्हणाल्या.

माझे थोरले दीर विसाव्या वर्षी बुडून गेले, माझ्या लग्नाआधी. सासूबाईंनी त्यांचा विषय कधी काढला नव्हता.

"पाण्यातून काढला तेव्हा सदरा वर गेला होता त्याचा. मी खाली ओढत होते. लोकांनी हात धरला, म्हणाले, आता कशाला. गार पडलं होतं गं त्याचं पोट."

मी मनगट सोडलं. माझीच मला लाज वाटली. नवरा तसाच पडून रडत होता, आणि सासूबाई त्याचा शर्ट नीट करत होत्या.

मूर्तीचा हात वेगळा घडवून खुंटीने बसवलेला असतो. नवऱ्याने तो काढला आणि नवा केला, मातेच्या झग्याचं टोक लेकाच्या पोटावर ओढणारा. गालावरचे अश्रू तासून टाकले. मी एकही चूक काढली नाही.

रविवारी फादर बराच वेळ मूर्तीसमोर उभे राहिले आणि मग उगाच चष्मा पुसत बसले. मूर्ती चर्चमध्ये बसली. सासूबाई पुढे गेल्या, त्या लाकडी कापडाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"ओढू दे तिला," म्हणाल्या. "आता कोणी अडवायचं नाही."

पायऱ्या उतरताना मी आधाराला हात पुढे केला. तो त्यांनी घट्ट धरला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.