पंपाच्या आधीचा आकडा

टेस्टच्या आधी मी दवाखान्याच्या टॉयलेटमध्ये जाऊन पंपाचे चार पफ मारले. सरळ सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

पंप म्हणजे दम्याचा, निळा. सातवीपासून खिशात असतो. टेस्ट म्हणजे फुंकायची टेस्ट. आधी पंपाशिवाय फुंकायचं, मग ते पंप देतात, वीस मिनिटं बसवतात, परत फुंकायचं. दोन आकड्यांत किती फरक पडला ते डॉक्टर बघतात. आदल्या दिवशी फोनवर बजावून सांगितलं होतं, सकाळी पंप मारून येऊ नका.

आणि मी घेतला.

मी पोलीस भरतीवाला आहे. आमच्यात मोजणी म्हटलं की आकडा काढायचा, बस. माझा दोस्त गोरक्ष मागच्या भरतीत उंची अर्धा सेंटिमीटर कमी पडेल म्हणून मैदानापर्यंत टेम्पोत आडवा पडून गेला. उभं राहिलं की उंची दबते म्हणे. कोणी टेप काढली की अंग आपोआप जास्त दाखवायला बघतं. टॉयलेटमध्ये माझा हात खिशात गेला तेव्हा मी विचारसुद्धा केला नाही.

नाकाला चिमटा, तोंडात नळी. मशीनवाल्या मॅडम ओरडत होत्या, "सोडा, सोडा, अजून, अजून!" डोळ्यापुढे काजवे. माझ्या वयाच्या, उंचीच्या धडधाकट माणसाचे शंभर धरले तर माझे सहासष्ट. पंपानंतर सदुसष्ट. मी खूश. पस्तीसला पास होणारा माणूस मी.

डॉक्टर साधना बैरागी खूश नव्हत्या. गंगापूर रोडला दवाखाना आहे त्यांचा. कागद दोनदा बघितला.

"रविराज, सकाळी पंप घेतला होता?"

"नाही मॅडम."

एका सेकंदात बाहेर पडलं.

"आणि रोज घ्यायचा दुसरा पंप असतो, सुजेचा. तो?"

"कधी कधी."

"म्हणजे नाहीच."

त्यांनी कागदावर एक गोल काढला. ही श्वासाची नळी. मग त्याच्या आतून अजून एक गोल, अजून एक. आतली जागा टिकलीएवढी उरली.

"निळ्या पंपाने नळीभोवतीचा स्नायू सैल पडतो, नळी उघडते. तुझी उघडत नाहीये. वर्षानुवर्षं आत सूज राहिली की शरीर डागडुजी करायला जातं. त्यासाठी पेशी एकमेकींना निरोप धाडतात, त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. वाढ, भर घाल, जाड कर. जखम झाली की हेच निरोप कामाला येतात. पण सूज रोजचीच असेल तर निरोप थांबतच नाहीत. भिंत जाड होते, स्नायू वाढतो."

"मग ते निरोप बंद करायचं औषध द्या ना."

"थेट तेच बंद करणारं दम्याचं औषध अजून दुकानात आलेलं नाही. अभ्यास चाललाय. आपल्या हातात सूज आहे. सूज उतरली की निरोपही कमी होतात."

"आणि झालेली जाडी?"

"ती किती मागे येईल, खात्रीने नाही सांगता येत."

छातीचा स्कॅन लिहून दिला, रक्त लिहून दिलं. पळणं सध्या बंद म्हणाल्या. भरतीचं मैदान, म्हणजे पळायची परीक्षा, एकवीस दिवसांवर होतं.

घरी आलो. आम्ही मखमलाबादचे, शेवंती-झेंडू करतो. आई ओट्यावर शेवंती निवडत बसलेली.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"नळ्या जाड झाल्यात म्हणे."

"जाड? अंगाला मास नाय आन नळ्या जाड? कुठून आणतात काय माहीत." मग देठ मोडत म्हणाली, "तरी मीच म्हनलं हुतं रोज पंप नको, सवय लागंल. चुकलं का रं माझं?"

मी तिच्या शेजारी बसून शेवंती निवडायला लागलो. बोलायला पाहिजे होतं.

पुढचे चार दिवस मी एका जागी बसलो नाही. जेवताना उठायचो. मळ्यात जायचो, परत यायचो. मोबाइलवर वाचायचो. मी बारावी आर्ट्स, विज्ञानाशी आपला संबंध दहावीला संपला, पण एकेक शब्द मराठीत करून वाचला. आमच्या ठिबकच्या नळीत क्षार बसतात तसं काहीतरी असेल असं मला वाटत होतं. ॲसिड सोडलं की मोकळी. पण हे बसलेलं नाही, वाढलेलं आहे. नळीच नळीला आतून खातेय. आणि निरोप धाडणारा बाहेरचा कोणी नाही, मीच.

वाचता वाचता एका ठिकाणी थबकलो. टेस्टच्या आधी पंप घेतला असेल तर नळी आधीच उघडलेली असते. मग दवाखान्यातल्या पंपाने फरक दिसत नाही.

म्हणजे भिंत जाड झालीच नसेल! कदाचित. किंवा झालीही असेल. मशीनला कळलं नाही, मॅडमना कळलं नाही, मलाही माहीत नाही.

गोरक्षला सांगितलं. तो ट्रॅकवर बूट बांधत होता.

"तू टॉयलेटमध्ये चार पफ मारले, आणि मॅडमनी विचारलं तर नाही म्हणाला?"

"हो."

"लई हुशार रे. आपण चोराला पकडायच्या भरतीला चाललोय, विसरला का?"

"तू टेम्पोत झोपून गेलास ते?"

"मी उंचीला फसवलं, बाबा. स्वतःच्या फुप्फुसाला नाही. जा, सांगून टाक. काय, मारणारे का त्या?"

माराची भीती नव्हती. खरं सांगितलं तर टेस्ट परत होणार. आणि परत सदुसष्टच आले, फरक पडलाच नाही, तर मग? आता निदान म्हणता येत होतं की टेस्ट खोटी आहे. ती खोटी होती तोवर मी बरा होतो.

दोन दिवस अजून घालवले. स्कॅनचा कागद खिशात मऊ पडला. तिसऱ्या दिवशी गेलो. दारातच बोलून टाकलं, बसलोही नाही.

डॉक्टर बैरागींनी चष्मा काढला. "भरतीवाले ना? मागे एक जण फुंकायच्या टेस्टला डझनभर केळी खाऊन आला होता. वजन भरायला." हसल्या नाहीत. "मी त्या कागदावरून तुला दम्याची इंजेक्शनं द्यायची, इथपर्यंत ठरवत होते, कळतंय का? उद्या सकाळी ये. पंप न घेता. फारच त्रास झाला तर घे आणि मला सांग. पण सांग."

दुसऱ्या दिवशी आई माझ्या गाडीवर मागे बसली. "मी येणार," एवढंच म्हणाली. पंप तिने मुठीत धरला होता. रामवाडीच्या पुलापर्यंत छातीत शिट्टी वाजायला लागली. दवाखान्याचा जिना चढून बाकावर बसलो तेव्हा मी खांद्याने श्वास घेत होतो.

"घे एक," आई कानाशी म्हणाली. "कोन बघतंय?"

"नको."

"आरं तोंड बघ तुझं."

"आई, नको. आज घेतला तर परत काहीच कळणार नाही."

तिने मूठ पदराखाली घेतली. माझ्याकडे बघेना. मी उठून चकरा मारायला लागलो, दम लागला, परत बसलो. समोरचे एक आजोबा म्हणाले, "बस ना बाळा, तुला बघूनच धाप लागतीय." तेव्हा आई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

फुंकलं. बावन्न.

बावन्न! एवढा खराब आकडा मी जन्मात पहिल्यांदा मुद्दाम आणला होता.

मग पंप. वीस मिनिटं. छाती हळूहळू सुटत गेली. परत फुंकलं. सहासष्ट.

"चौदाचा फरक," डॉक्टर बैरागी म्हणाल्या. "नळ्या उघडतायत. चांगलं आहे."

"मग भिंत जाड नाही?"

"असं नाही म्हणाले. सहासष्टच्या वर गेलं नाही, बघ. त्यात सूज किती, जाडी किती, ते आज नाही सांगता येणार. सुजेचा पंप रोज सकाळ-संध्याकाळ, तीन महिने, एकही चुकवायचा नाही. त्यानंतर जे उरेल ती भिंत. तिचं मग बघू. स्कॅन सध्या थांबव."

"आणि मैदान?"

"अजून किती दिवस आहेत?"

"तेरा."

त्यांनी तीन महिन्यांच्या पंपाची चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. मी मान हलवली.

आईने विचारलं, "डॉक्टर, रोज घेतला तर सवय लागत नाय?"

"नाही लागत, मावशी. न घेतल्याने काय होतं ते बघितलंत ना आत्ता बाहेर?"

आईने बाहेरच्या बाकाकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हंजी पास का नापास?"

"तीन महिन्यांनी कळेल."

"आन तवर?"

मी चिठ्ठीची घडी घालून खिशात टाकली. खाली येऊन गोरक्षला फोन लावला.

"बावन्न आले. पंपानंतर सहासष्ट."

"मग भरती?"

"या वेळी नाही."

तिकडून ट्रॅकवरचा आवाज येत होता. कोणीतरी शिट्टी मारत होतं.

"ट्रॅकवरच आहेस का?" मी म्हणालो.

"हो. उद्या साडेपाचला ये. माझा टाइम लाव."

"उद्या नाही. मला बघवणार नाही, खरं सांगतो."

"बरं, परवा ये."

परवाही गेलो नाही. चौथ्या दिवशी गेलो, रेषेवर मोबाइलवर त्याचा टाइम लावून उभा राहिलो, आणि तो पळत होता तोवर मी जागच्या जागी पाय हलवत होतो.